एकच तास दोन पोरांना विकला

कोल्हापुरात सध्या पायलट होण्याचं वारं आहे. उजळाईवाडीवरून मुंबई-हैदराबादची विमानं उडायला लागली, तशी घराघरांत एखादं पोरगं तरी 'मी पायलट होणार' म्हणायला लागलं. त्यांच्या मागोमाग 'तासांचं पॅकेज', म्हणजे लायसन्सला लागणारे उड्डाणाचे तास भरून देण्याचं पॅकेज, विकणारेही आले. माझ्या भाच्याला असंच एक पॅकेज राजारामपुरीतल्या एका कन्सल्टन्सीनं विकलं. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण पद्धत लिहितोच, कारण ही साधी थाप नव्हती. त्या कन्सल्टन्सीवाल्यानं कायद्याचे म्हणून जे कागद आमच्यासमोर ठेवले, ते सगळे खरे होते.

भाच्यानं बारावी करून अमेरिकेत प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं होतं. दाजींची कागलकडची जमीन त्यातच गेली होती. आता प्रश्न होता उरलेल्या तासांचा. आपल्याकडे कमर्शियल लायसन्सचा हिशोब एअरक्राफ्ट रूल्स, १९३७ च्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलेला आहे. अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांत एकूण २०० तास. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, ज्याला पोरं पीआयसी म्हणतात, आणि त्या शंभरातले १५ तास अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांतले. याच दोनशेत २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर जाण्याचे, त्यात ३०० नॉटिकल मैलांचा एक लांबचा प्रवास. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे नुसती उपकरणं बघून उडवण्याचे, १० तास आणि रात्रीचे ५ तासही त्यातच.

पोरं अडकतात ती या पीआयसीच्या शंभर तासांवर. शिकताना शेजारी इन्स्ट्रक्टर असतो, ते तास पीआयसीत धरत नाहीत. पीआयसीचे तास भरायचे म्हणजे विमान भाड्यानं घेऊन स्वतः उडवायचं. सेसना १७२ सारख्या चार सीटच्या जुन्या विमानालासुद्धा तिकडे तासाला दीडशे-दोनशे डॉलर पडतात.

या ठिकाणी आमचे सर आले, म्हणजे तोच कन्सल्टन्सीवाला. एसी ऑफिस, भिंतीवर टाय लावलेल्या पोरांचे फोटो, टेबलावर छोटं विमान. दाजींना म्हणाले, "काका, विमान एक, पायलट दोन. दोघांच्याही लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीत, तास भरतो. तुम्हाला भाडं निम्मंच पडणार."

दाजींनी विचारलं, "असं चालतंय व्हय?"

"चालतंय म्हणजे? कायदाच आहे." आणि त्यांनी अमेरिकेच्या नियमांची प्रिंट पुढं सरकवली.

कायदा खरंच तसा आहे. अमेरिकेत एखादा पायलट फक्त पॅनलवरची उपकरणं बघून उडवण्याचा सराव करतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर हूड चढवतात. त्याला बाहेरचं काही दिसत नाही. म्हणून शेजारच्या सीटवर दुसरा लायसन्सवाला पायलट असावाच लागतो. त्याचं काम बाहेर नजर ठेवणं. हा सेफ्टी पायलट. तेवढ्या वेळेपुरता तो विमानाचा आवश्यक कर्मचारी ठरतो, आणि विमानाची जबाबदारी त्यानं स्वतःवर घेतली असेल तर नियम ६१.५१ प्रमाणे त्यालाही तो वेळ पीआयसी म्हणून लिहिता येतो. हूड घातलेला स्टिअरिंग हातात असल्यामुळे लिहितो आणि शेजारचा जबाबदारी घेतल्यामुळे लिहितो.

पण त्याच नियमाला अटी आहेत आणि त्या आमच्या प्रिंटमध्ये पिवळ्या केलेल्या नव्हत्या. सेफ्टी पायलटचा वेळ मोजायचा तो फक्त हूड डोळ्यांवर असेल तेवढाच. टॅक्सी (विमान जमिनीवरून चालवत नेणं), टेक-ऑफ, लँडिंग त्यात येत नाही. पूर्ण उड्डाणभर तो आवश्यक कर्मचारी नसल्यामुळे क्रॉस-कंट्रीही त्याच्या खात्यावर जात नाही. उडण्याआधी दोघांनी ठरवावं लागतं की जबाबदारी कुणाची, आणि हूड घालणाऱ्याला आपल्या लॉगबुकात सेफ्टी पायलटचं नाव लिहावं लागतं.

सगळ्यात मोठी गोष्ट दाजींनीच विचारली होती, शेतकऱ्याच्या सरळ डोक्यानं: "पर हे तास आपल्या सरकारला चालत्यात का?"

यावर सरांचं ठरलेलं उत्तर होतं. "काका, विमानाची नोंदणी परदेशी आहे. शेपटीजवळ नंबर एन अक्षरानं सुरू होतो, आपल्यासारखा व्हीटीनं नाही. तिथं तिथला कायदा. डीजीसीएचा, म्हणजे आपल्या विमान खात्याचा, संबंधच येत नाही."

ऐकायला पटतं. विमान उडवायचं कसं, कोण कुठं बसणार, हे तिथल्याच कायद्यानं ठरतं. पण लायसन्स ज्याच्याकडे मागायचं, तास कुठले धरायचे हेही तोच ठरवणार. माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. एका लेथवर दोन कारागीर उभे केले आणि दोघांनीही आठ तासांचं कार्ड भरलं, तर कारखान्यातून जॉब आठ तासांचेच निघतात. एका पायलटनं चालणाऱ्या सेसनाचंही तेच. डीजीसीएत भाच्याच्या अर्जाची फाइल तपासणाऱ्यानं विचारलं तेही एवढंच: एका विमानाला एका वेळी दोन कमांडर कसे?

फाइल परत आली तेव्हा भाचा दोन दिवस बोलला नाही. उजव्या सीटवर बसून भरलेले तास धरले गेले नव्हते. आणि डाव्या सीटवर हूड घालून स्वतः उडवलेल्या तासांवरही प्रश्न होता, कारण त्याच वेळेचा पीआयसी दुसऱ्याच्या नावावरही होता. म्हणजे त्याचे खरे तासही गढूळ झाले.

मग मी एक काम केलं, त्यातून सगळं उघडं पडलं. भाच्याच्या जोडीला इचलकरंजीकडचा एक पोरगा होता, त्याच कन्सल्टन्सीचा. त्याला लॉगबुक घेऊन घरी बोलावलं आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून ओळीनं बघत गेलो. तारीख तीच, विमानाचा नंबर तोच, वेळ दशांशापर्यंत तीच. इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत हॉब्स मीटर जेवढा फिरला, तेवढा सगळा दोघांच्याही पीआयसीत. मी विचारलं, "अरे, हूड घालून टॅक्सी केलीत का?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. लँडिंगही दोघांच्या वहीत. एका रात्रीच्या उड्डाणात विमान जितक्यांदा उतरलं, ते आकडे दोन्हीकडे सारखेच. तिथल्या माणसानं मुलांना सांगितलं होतं, "पूर्ण लिहा, सगळे असंच लिहितात." म्हणजे ज्या अमेरिकेच्या कायद्याचा दाखला दिला, त्या कायद्यातही ह्या नोंदी बसत नव्हत्या.

त्यानंतर पैशाचा हिशोब काढला. निम्मं भाडं म्हणून दोघांकडून घेतलेली रक्कम एकत्र केली, तर विमानाच्या पूर्ण भाड्यापेक्षा बरीच जास्त भरत होती. पोरांना स्वस्त नव्हतंच. एकट्यानं विमान घेऊन उडवलं असतं तर प्रत्येकाला तास कमी मिळाले असते, पण चालणारे मिळाले असते.

नुसते तास गेले असते तरी एक वेळ परवडलं असतं. फाइल लटकल्यावर कॅलेंडर तुमच्या विरोधात चालतं. शेवटच्या ६ महिन्यांतले १५ तास शिळे होतात, ते पुन्हा उडवावे लागतात. वर्ग १ मेडिकल या वयात १२ महिनेच चालतं, तेही पुन्हा. ५ वर्षांच्या चौकटीतून सुरुवातीचे तास एकेक करून बाहेर पडायला लागतात. आक्का म्हणाली, "पोराचं वय बी जातंय की रे." त्यावर मी काय बोलणार!

आणि खोट्या तासांबद्दल आपल्याकडे आधीच संशयाचं वातावरण आहे. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका आणि न उडवलेले तास दाखवून लायसन्स घेतलेल्या पायलटांना अटका झाल्या होत्या. ज्या पोरानं खरोखर विमानात बसून घाम गाळला, त्याची वही त्याच नजरेनं तपासली जाते, हे मला फार लागलं.

अमेरिकेकडून पडताळणी येतेच, मग काय अडचण, असंही सर म्हणायचे. तिथली एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान खातं, लायसन्स खरं आहे का ते सांगते. वहीतला एकेक तास ती जपून ठेवत नाही. तासांची साक्ष द्यायची ती विमान भाड्यानं देणाऱ्यानं, आणि आमच्याकडे त्याचं एकही बिल पोरांच्या नावावर नव्हतं. सगळी बिलं कन्सल्टन्सीच्या नावानं फाटलेली.

पैसे पाठवतानाच इथं लक्ष जायला हवं असं मी आता प्रत्येकाला सांगतो. परदेशातल्या शाळेची फी बँकेतून थेट शाळेच्या खात्यावर जाते, त्याची पावती राहते. आमच्याकडून मात्र रुपयांत, इथल्याच खात्यावर घेतले आणि काही रोख. पावतीवर 'समुपदेशन शुल्क' एवढंच. करारात बारीक अक्षरात, तासांची मान्यता संबंधित नियमांच्या अधीन. पॅकेज घ्यायच्या आधी त्यांच्याकडून एवढंच लेखी मागा: सेफ्टी पायलट म्हणून भरलेला तास डीजीसीएच्या कमर्शियल लायसन्ससाठी पीआयसीत धरला जाईल आणि न धरल्यास पैसे परत. आम्ही नंतर दुसऱ्या नावानं फोन करून हे मागून बघितलं. "सर मीटिंगमध्ये आहेत," म्हणाले, आणि मग फोन उचललाच नाही.

आर्थिक गुन्हे शाखेला अर्ज दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे, त्यासाठी घटनेपासून २ वर्षांची मुदत असते, हे लक्षात ठेवा. रोख दिलेल्या रकमेबद्दल वकिलांनी आत्ताच हात वर केलेत. दोन वह्या शेजारी ठेवल्यावर जे दिसलं, तोच आमचा मुख्य पुरावा. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या ज्या पोरांनी असंच जोडीनं तास भरलेत, त्यांनी आपल्या जोडीदाराची वही एकदा मागून बघावी. नोंदी जुळल्या तर दोघांनी मिळून तक्रार करावी, एकट्यानं नको.