पंपाच्या बोर्डासाठी पूर्ण भाषा की छाटलेली?

समजा, हिंगणा एमआयडीसीत तुमची तिघा-चौघांची टीम आहे आणि काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांसाठी पंपाचा ऑटो स्टार्टर बनवायचाय. लाइन आली की मोटर सुरू, एक फेज गेला की लगेच बंद, विहिरीत पाणी नसेल तरी बंद, शिवाय मोबाइलवर मेसेज. प्रोग्रामिंगसाठी सी++ घ्यायची म्हटलं तर भाषा अवाढव्य, आणि टीममधला प्रत्येक जण तिचा वेगळाच कोपरा वापरणार. मग छाटलेल्या, म्हणजे काही सोयी मुद्दाम वगळलेल्या, भाषेकडे नजर जाते. कामाचे पर्याय तीन: मायक्रोपायथन (छोट्या चिपसाठीची पायथन), मिस्रा सी (नियमांत बांधलेली सी), किंवा स्वतःच कात्री लावलेली सी++.

मायक्रोपायथनचा मोह सगळ्यात मोठा. डेमियन जॉर्ज यांनी 2013 मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करून ते आणलं. वाक्यरचना बरीचशी पायथन 3.4 ची, आणि 256 केबी कोडची जागा व 16 केबी रॅम एवढ्यातही ते बसतं. नागपुरातल्या कुठल्याही कॉलेजातून आलेला मुलगा पहिल्याच दिवशी ईएसपी32 या वायफायवाल्या चिपला वायर लावून रिले (विजेवर चालणारा स्विच) टकटक वाजवून दाखवतो. दुसऱ्या दिवशी तोच पांडास ही पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी इम्पोर्ट करायला जातो आणि विचारतो, ‘‘भाऊ, हे काहून नाही चालत?’’ नाव पायथनचं म्हटल्यावर माणूस अख्ख्या पायथनच्या अपेक्षा घेऊन येणारच, हे काही त्याचं चुकलं नाही.

पण माझा आक्षेप वेगळा आहे. फेज गेल्यावरच चालणाऱ्या ओळीत एखाद्या नावाचं स्पेलिंग चुकलं, तर ते कळणारही फेज गेल्यावरच; म्हणजे टेबलावर नाही, नरखेडच्या विहिरीवर. शिवाय त्याचं मेमरी व्यवस्थापन मोकळ्या जागा सरकवून एकत्र करत नाही. बोर्ड महिनोन्‌महिने चालू राहिला की रॅमचे तुकडे पडत जातात आणि एक दिवस मोठा तुकडा मागितला की मिळत नाही.

मिस्रा सी दुसऱ्या टोकाला. ब्रिटनच्या मोटार उद्योगातून 1998 मध्ये निघालेली ही नियमावली. 2012 च्या आवृत्तीत 143 नियम आणि 16 निर्देश होते. मॅलॉक (प्रोग्राम चालू असताना मेमरी मागणं) नको, रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) नको, इफ-एल्स-इफची, म्हणजे ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ची, साखळी असेल तर शेवटी ‘यातलं काहीच नसेल तर’ सांगणारा एल्स हवाच. हा शेवटचा नियम नव्या पोरांना छळ वाटतो. पण आपल्या स्टार्टरमध्ये बघा: व्होल्टेज कमी, बरोबर, जास्त, अशा तीन शाखा लिहिल्या. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली आणि भलतंच रीडिंग आलं तर? सक्तीचा एल्स लिहिताना हा प्रश्न पडतोच, आणि तिथे मोटर बंद करायची ओळ येते. कंपायलर (कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) तर नेहमीचाच चालतो, म्हणजे भाषा छाटली तरी गमावलं काहीच नाही. खर्च तपासणीचा: व्यावसायिक टूल महाग पडतात, सीपीपीचेक हे कोड तपासायचं टूल फुकट आहे आणि बरेच नियम बघतं, पण नियमांचा मजकूर विकत घ्यावा लागतो.

स्वतः छाटलेल्या सी++ बद्दल थोडं सावध राहा. नव्वदच्या दशकात जपानी चिप कंपन्यांनी एम्बेडेड सी++ काढली होती. टेम्पलेट, एक्सेप्शन (चूक झाली की ती वर कळवायची सोय), नेमस्पेस (नावांचे गट पाडायची सोय), मल्टिपल इनहेरिटन्स, अशा सी++ च्या सोयी वगळलेल्या. ती टिकली नाही, कारण नेमस्पेससारख्या गोष्टींचा चिपवर बोजा मुळातच नव्हता. काढून काय मिळालं? उलट एएसएम.जेएस बघा. मोझिलानं 2013 मध्ये आणलेला जावास्क्रिप्टचा हा तुकडा. तो कुठल्याही ब्राउझरमध्ये साधी जावास्क्रिप्ट म्हणून चालायचा, आणि ज्याला त्याची ओळख होती तिथे सुसाट. त्यातूनच पुढे वेबअसेंब्ली, म्हणजे ब्राउझरमध्ये वेगानं चालणारं कोडचं स्वरूप, आलं, आणि 2017 मध्ये ते चारही मोठ्या ब्राउझरांत पोहोचलं. एएसएम.जेएसचा कोड माणसं सहसा हातानं लिहीत नव्हती, कंपायलर काढून द्यायचा. म्हणून ‘हे का वगळलं’ म्हणून कुरकुरायलाही कोणी नव्हतं.

तेव्हा छाटणी जगते ती दोन अटींवर: वगळल्याच्या बदल्यात ठोस काही मिळायला हवं, आणि नियम मोडला तर मशीननं अडवायला हवं. ड्राइव्हवर ठेवलेली नियमांची वर्ड फाइल पहिल्या डेडलाइनपर्यंतच पाळली जाते.

पाच-सहा बागांत नुसती चाचणी करायची असेल तर बिनधास्त मायक्रोपायथन घ्या. विकायचा माल असेल तर मी दोन चिप लावेन: फेज आणि ड्राय रनचं (पाण्याविना मोटर चालण्यापासूनचं) संरक्षण एका छोट्या चिपवर मिस्राच्या शिस्तीतल्या सीमध्ये, मेसेजचं काम ईएसपी32 वर मायक्रोपायथनमध्ये. मेसेजवाली चिप अडकली तरी मोटर जळणार नाही. दुसऱ्या चिपचा खर्च परवडत नसेल तर एकाच ईएसपी32 वर सी++ घ्या. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ईएसपी-आयडीएफ या टूलसंचात एक्सेप्शन मुळात बंदच असतात, ते तसेच राहू द्या. आरटीटीआयही (चालू प्रोग्राममध्ये वस्तूचा प्रकार ओळखायची सोय) कंपायलरच्या फ्लॅगनं, म्हणजे सेटिंगनं, बंद ठेवा. सीपीपीचेक बिल्डमध्येच, म्हणजे कोडपासून फाइल बनवायच्या टप्प्यातच, असं जोडा की इशारा आला तर बोर्डवर टाकायची फाइलच तयार होणार नाही.