सामान चांगलं, पण वॉचमन काकांना काढलंत ते पटलं नाही

कोथरूडमधलं हे सुपरमार्केट, दर महिन्याचा किराणा इथूनच, तूरडाळ आणि तांदूळ खरंच चांगले, बिलिंगला मात्र रविवारी अर्धा तास. पण १ स्टार त्यासाठी नाहीये.

गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये एक माणूस एका बाईंचा हात पिरगाळून पर्स ओढत होता, गेटवरच्या काकांनी धावत जाऊन त्याला मागून धरला आणि खाली बसवला, बस एवढंच, एक थप्पड पण नाही. बाईंच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं, काकांनीच बाटलीतलं पाणी ओतलं.

चार दिवसांनी गेटवर दुसराच माणूस! विचारलं तर मॅनेजर म्हणे, "पॉलिसी आहे मॅडम, स्टाफने अंगाला हात लावायचा नाही, एजन्सीला कळवलं."

अहो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५ मध्ये दुसऱ्याचा जीव वाचवायचा हक्क पण दिलाय, फक्त गरजेपेक्षा जास्त मारायचं नाही. आधी आयपीसीत हेच ९७ होतं. चोरामागे रस्त्यावर धावू नका हा नियम समजू शकते, स्टाफलाच चाकूबिकू लागला तर? पण समोर बाई ओरडतेय तर काय रजिस्टर भरत बसायचं? आणि पाटी अजून तीच, 'आपली सुरक्षा, आमची जबाबदारी'.