आठ महिने मॅटवर: स्ट्रेचिंग, योगासनं आणि पिलाटेस

आधीच सांगतो, व्यायामाशी माझं कधीच जमलं नाही. पळायचे बूट हौसेनं घेतले, ते अजून नव्यासारखे आहेत. जिमची वर्षाची फी भरली आणि दीड महिन्यात जाणं बंद केलं. त्यामुळे घरच्या घरी मॅटवर सुरू केलेलं हे प्रकरण आठ महिने टिकलंय याचं नवल घरच्यांपेक्षा मलाच जास्त आहे.

सुरुवात झाली कंबरेमुळे. दिवसाचे नऊ तास खुर्चीत जातात. उठलो की पहिली दोन-चार पावलं वाकून टाकायची आणि मग हळूहळू सरळ व्हायचं, अशी चाल झाली होती. सुरुवातीला मी उत्साहाच्या भरात स्ट्रेचिंग, योगासनं आणि पिलाटेस (पोट-पाठीच्या स्नायूंवर ताबा मिळवायचा, सावकाश हालचालींचा व्यायाम) सगळं एका तासात कोंबायचो. तिसऱ्या आठवड्यात गाडी बंद पडली. मग तुकडे केले. सकाळी पंधरा-वीस मिनिटं सूर्यनमस्कार आणि चार-पाच आसनं, आठवड्यातून तीन संध्याकाळी पंचवीस मिनिटं पिलाटेस, रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं नुसतं स्ट्रेचिंग. ही वाटणी आजतागायत चालू आहे. आणि हो, मॅट गुंडाळून ठेवत नाही. कोपऱ्यात अंथरलेलीच असते. गुंडाळलेली मॅट उघडायला जो आळस येतो, त्यात माझे निदान वीस दिवस गेले असतील.

तिघांत मला सगळ्यात आवडतं ते रात्रीचं स्ट्रेचिंग, कारण त्यात काही जिंकायचं नसतं. पाठीवर उताणं पडायचं, एका तळपायाला पट्टा अडकवायचा आणि पाय वर घ्यायचा. पूर्वी मी हिसके देऊन ताणायचो. त्यानं स्नायू उलट आवळून बसतो. आता ताण जाणवेल तिथेच थांबतो आणि तीस सेकंद नुसता श्वास घेतो. पहिली दहा सेकंदं मांडीचा मागचा भाग भांडतो, विसाच्या आसपास कुठेतरी सोडून देतो. ते सुटणं इतकं स्पष्ट कळतं की मी त्याची वाट बघतो. पहिल्या काही आठवड्यांत पाय बराच वर जायला लागतो, तेव्हा स्नायू लांब झाला असं वाटतं. खरं तर तोवर मुख्यतः मज्जासंस्थेला तो ताण सोसायची सवय झालेली असते. म्हणूनच चार दिवस सुट्टी घेतली की शरीर पुन्हा कुरकुरतं.

बैठं काम करणाऱ्यांनी एक ताण आवर्जून करावा. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, आणि मागच्या पायाच्या जांघेत ताण. मी दोन महिने तो चुकीचा करत होतो, कंबर मागे वाकवून पुढे झुकायचो. मग कळलं की आधी ओटीपोट किंचित वर ओढून माकडहाड आत घ्यायचं. हालचाल जेमतेम इंचभर, पण ती केली की पुढे झुकायची गरजच उरत नाही. जांघ तिथल्या तिथे बोलायला लागते. माझ्या कंबरेला सगळ्यात जास्त आराम या इंचभरानंच दिला असावा, असा माझा अंदाज आहे.

योगासनं लहानपणी शाळेत केली होती, म्हणून ती सोपी जातील असं धरून चाललो होतो. गेली नाहीत. चार सूर्यनमस्कारांपासून सुरुवात केली, आज बारा घालतो. तिसऱ्या महिन्यात मनगटं दुखायला लागली. कारण साधं होतं, सगळा भार तळहाताच्या मनगटाजवळच्या उंचवट्यावर पडत होता. बोटं पसरून अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मुळाशी दाब द्यायला लागलो, तेव्हा दोन आठवड्यांत दुखणं गेलं. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, पायाची बोटं हाती लागायला पाच महिने लागले, तेही गुडघे थोडे वाकवून. अधोमुख श्वानासनात, म्हणजे हातपाय टेकून कंबर वर उचलताना, टाचा अजून टेकत नाहीत आणि त्याचं मला आता काही वाटत नाही. ठोकळे आणि पट्टे घेऊन आसनं करण्यात मला आधी कमीपणा वाटायचा. पण ही साधनं जगभर रुजवली ती योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी. त्यांना ती चालत होती, तर मी कोण? पतंजलींनीही आसन स्थिर आणि सुखाचं असावं एवढंच म्हटलंय. माझा जबडा आवळलेला आणि श्वास कोंडलेला असायचा, म्हणजे त्यातलं एकही नाही. शीर्षासन मात्र मी करत नाही. मानेचं दुखणं जुनं आहे आणि चुकलं तर सांगायला समोर कुणी नाही.

शवासन हा घरात विनोदाचा विषय आहे. एकदा मुलगी दारातून डोकावून म्हणाली, “बाबा, हा व्यायाम मलाही येतो.”

आता पिलाटेस. हा प्रकार बायकांचा, हलकाफुलका, असा माझा समज होता. पहिल्या दिवशीच उतरला. जोसेफ पिलाटेस हा जन्मानं जर्मन गृहस्थ, पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये नजरकैदेत होता, पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्यानं स्टुडिओ काढला. आपल्या पद्धतीला तो ‘कंट्रोलॉजी’ म्हणायचा, आणि ते नाव जास्त खरं आहे. उताणं पडून डोकं आणि खांदे उचलायचे, पाय वर धरायचे आणि ताठ हात वरखाली हलवायचे. पाच हालचालींना श्वास आत, पाचांना बाहेर, असे दहा श्वास. म्हणून त्याला ‘हंड्रेड’ म्हणतात. माझी मान चाळिसाव्यालाच संपायची. आजही मान दमली की डोकं खाली ठेवतो आणि हात चालू ठेवतो. दुसऱ्या दिवशी मात्र शिंकायची भीती वाटायची.

‘रोल-अप’मध्ये पाठीचा एकेक मणका सुटा करत उठून बसायचं असतं. माझी कंबर मात्र फळीसारखी सगळी एकदम उठायची, तीही पाय झाडून. पट्टा पायाला अडकवून, हातांचा आधार घेत शिकलो. आता वरचे मणके सुटे येतात, कंबरेपाशी एक जागा आहे तिथे अजून अडतो.

सगळ्यात गोंधळ उडाला श्वासाचा. योगवर्गातल्या सवयीनं मी पोट फुगवून श्वास घ्यायचो. पिलाटेसमध्ये पोट आत धरलेलं असतं आणि श्वास बरगड्यांत, बाजूंना आणि मागे घ्यायचा असतो. पहिले सहा आठवडे मी दोन्हींत चुकत होतो. शेवटी बरगड्यांभोवती पट्टा गुंडाळून बसलो, श्वासाबरोबर तो आवळताना जाणवला आणि डोक्यात प्रकाश पडला. त्यानंतर गंमत अशी झाली की सूर्यनमस्कारात फळीसारखं आडवं होताना माझी कंबर झोळीसारखी लोंबायची, ती आपोआप थांबली. हे तिन्ही प्रकार एकमेकांना असे हात देतात. म्हणून यातलं एकच निवडा असं कुणाला सांगणार नाही.

तक्रारीही आहेत. पहिली मॅट मी दहा मिलिमीटर जाड घेतली. पाठीवर लोळायला झकास, पण वृक्षासनात, एका पायावर उभं असताना, पाय गादीवर असल्यासारखा डुगडुगायचा आणि तळवे घसरायचे. आता पाच मिलिमीटरची वापरतो आणि गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल घेतो. व्हिडिओ बघत करणं हा दुसरा वैताग. पालथं असताना स्क्रीन बघायला मान वळवायची, म्हणजे जे टाळायचं तेच करायचं. क्रम पाठ करा आणि फोन बाजूला ठेवा. एकदा तरी जाणत्या माणसाकडून ठेवण तपासून घ्या. मी चार वेळा शिकवणी घेतली, तेव्हा कळलं की माझे खांदे सतत कानाशी गेलेले असतात. आरशातही ते मला दिसले नव्हते.

वजन म्हणाल तर जेमतेम किलोभर उतरलं. या व्यायामानं धाप फारशी लागत नाही, त्यामुळे रोजचं भरभर चालणं सोडलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, तो हिशोब मी चालण्यातून भरतो. आणि पायात मुंग्या किंवा कळ खालपर्यंत जात असेल तर ताणत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

कंबर आता खुर्चीतून उठताना कुरकुर करत नाही. लांबच्या प्रवासानंतर करते. मॅटवर टाचांच्या जागी दोन झिजलेले गोल पडलेत, महिनाभरात नवी घ्यावी लागेल. जाडी हीच, पण लांबी जास्त. शवासनात माझ्या टाचा फरशीवर येतात आणि थंडीत सगळं लक्ष तिथेच जातं.