ईआर बीटाची पीपीझेड०५०६ अँटीबॉडी : सहा महिने वापरून झाल्यावर

पहिल्यांदाच रिव्ह्यू लिहितेय, कारण ह्याच्या आधीच्या एका भलत्याच अँटीबॉडीपायी (अँटीबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारं रसायन) माझे आठ महिने गेलेत आणि अजून कुणाचे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा (ईआर बीटा, इस्ट्रोजेन हॉर्मोनला प्रतिसाद देणारं पेशीतलं प्रथिन) १९९६ मध्ये रॅटच्या प्रोस्टेटमधून सापडला, तेव्हापासून त्याच्यासाठी ढीगभर अँटीबॉडी बाजारात आल्या, त्यातलीच एक पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) आम्ही आधी घेतली होती (कंपनीचं नाव घेत नाही). ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून तपासायची पट्टी) साधारण ५९ किलोडाल्टनला, म्हणजे बीटाच्या आकाराला, अगदी हवा तिथे बँड यायचा, म्हणून मी निवांत डेटा जमवत बसले. मग लॅब मीटिंगला सरांनी विचारलं, निगेटिव्ह कंट्रोल (जिथे बीटा नाहीच असा नमुना) कुठाय? एचईके सेल्समध्ये (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशी) एकीकडे बीटाचं प्लाझ्मिड (बीटाचा जीन पेशीत नेणारा डीएनए), दुसरीकडे रिकामं टाकून बघितलं तर दोन्हीकडे तोच बँड, तेवढाच जाड, म्हणजे तो बीटाचा नव्हताच. रडूच आलं. कंपनीला मेल केला तर म्हणे ब्लॉकिंग (अँटीबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून आधी करायची प्रक्रिया) बदलून बघा.

नंतर २०१७ चा स्वीडनच्या ग्रुपचा पेपर वाचला, त्यांनी १३ अँटीबॉडी तपासल्या आणि टिश्यूवर खरंच बीटालाच धरणारी एकच निघाली, ही पीपीझेड०५०६, माउस मोनोक्लोनल (उंदरापासून बनवलेली, एकाच प्रकारची अँटीबॉडी). हा पेपर आधी वाचायला हवा होता. मागवली, तोच प्रयोग परत केला, रिकाम्या लेनमध्ये काहीच नाही, बीटाच्या लेनमध्ये स्वच्छ बँड! टेस्टिसच्या स्लाइडवर न्यूक्लियस मस्त रंगतात, बॅकग्राउंड कमी. आणि ब्रेस्टच्या स्लाइडवर, जिथे जुनी अँटीबॉडी सगळं तपकिरी करायची, तिथे ही जवळपास कोरी. घाबरू नका, त्या पेपरातही ब्रेस्टमध्ये बीटा सापडलेला नाही. म्हणून ब्रेस्टची स्लाइड पॉझिटिव्ह कंट्रोल (जिथे बीटा नक्की आहे असा नमुना) म्हणून लावू नका, टेस्टिस नाहीतर ओव्हरीच्या ग्रॅन्युलोसा सेल्स लावा.

तक्रार दोनच. महाग आहे, एक वायल घ्यायला आम्हाला ग्रँटचा पुढचा हप्ता येईपर्यंत थांबावं लागलं. आणि माउसची असल्यामुळे माउस टिश्यूवर सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला धरून रंग आणणारी दुसरी अँटीबॉडी) सगळीकडे चिकटते, त्याचं ब्लॉकिंग वेगळं करावं लागतं. डायल्युशन डेटाशीटवरचं डोळे झाकून घेऊ नका, स्वतः टायट्रेट करा (वेगवेगळी प्रमाणं लावून योग्य ते ठरवा), आणि वायल आली की त्याच दिवशी छोटे अलिकॉट (वाटे) करून ठेवा, सारखं फ्रीझ-थॉ (गोठवणं-वितळवणं) नको. पाचपैकी साडेचार. नवीन लॉट आला की आम्ही अजूनही पहिला ब्लॉट रिकाम्या प्लाझ्मिडसोबतच लावतो.