बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज: वर्षभराहून अधिक काळ वापरल्यानंतर

बाजार अस्थिर असताना घर घ्यावे की थांबावे, या प्रश्नावर मते पुष्कळ मिळतात. घेतलेले कर्ज पुढे प्रत्यक्षात कसे वागते, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. वीस वर्षे मुदतीचे, बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज आम्ही घेतले त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. या काळात दर आधी वाढला आणि नंतर उतरला, त्यामुळे मंजुरीपत्रातील बारीक अक्षरांतली कलमे व्यवहारात कशी लागू होतात हे दोन्ही बाजूंनी पाहता आले. घराविषयी येथे काही लिहिणार नाही. हा अभिप्राय कर्जापुरता आहे.

आमच्यापुढे स्थिर दराचा पर्यायही होता. ‘स्थिर’ म्हणजे नेमके किती काळ स्थिर, हे आधी विचारून घ्यावे लागते. अमेरिकेत तीस वर्षे एकच दर राहणारे कर्ज सर्रास मिळते. ब्रिटनमध्ये बहुधा दोन किंवा पाच वर्षांपुरता दर बांधलेला असतो आणि त्यानंतर पुन्हा नव्या दराला सामोरे जावे लागते. भारतात बहुतेक गृहकर्जे बदलत्या दराचीच असतात. यांतली कोणतीही पद्धत पूर्ण सुरक्षित नाही. २०२०-२१ मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलेली अमेरिकी कुटुंबे २०२३ मध्ये दर सात टक्क्यांच्या पुढे गेल्यावर जुने घर विकायलाच तयार होईनात, कारण नवे घर म्हणजे दुपटीहून अधिक दराचे नवे कर्ज. आम्हांला मिळालेला स्थिर दर केवळ पहिल्या काही वर्षांपुरता होता, बदलत्या दरापेक्षा बराच चढा होता आणि त्यात मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड होता. तिन्ही गोष्टी एकत्र पाहता तो पर्याय सोडणे अवघड गेले नाही.

बदलत्या दराची खरी ओळख पहिल्या दरवाढीला झाली. दर वाढल्याचा संदेश आला, पण हप्ता तेवढाच राहिला. ही सवलत नव्हती. सावकार संस्था हप्त्याला हात न लावता परतफेडीची मुदत वाढवते आणि कर्जदाराने वेगळे काही कळवले नाही तर पुष्कळ ठिकाणी तसेच धरले जाते. याचा परिणाम किती होतो, हे आकड्यांनीच सांगणे बरे. वीस वर्षांसाठी ८ टक्क्यांनी घेतलेल्या दर एक लाखामागे मासिक हप्ता सुमारे ८३६ येतो, मग चलन कोणतेही असो. कर्ज नवे असतानाच दर ९ टक्के झाला आणि हप्ता ८३६ च ठेवला, तर २४० महिन्यांची परतफेड सुमारे ३०४ महिन्यांवर जाते, म्हणजे पाच वर्षांहून अधिक लांबते. दर १० टक्के झाला तर हाच हप्ता ५६ वर्षे भरावा लागेल. त्याच्याही थोडे वर दर गेला की हप्त्यातून त्या महिन्याचे व्याजदेखील भागत नाही, आणि नियमित हप्ते भरत असतानाही मुद्दल वाढू लागते. याउलट ९ टक्के दराला मुदत वीसच वर्षे ठेवायची असेल, तर हप्ता ८३६ वरून सुमारे ९०० वर न्यावा लागतो. चौसष्टची वाढ महिन्याला जाणवते खरी, पण पाच वर्षांच्या जादा हप्त्यांपुढे ती किरकोळ आहे.

दोन टक्क्यांची वाढ ही केवळ कल्पना नाही. भारताच्या रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. वर्षसुद्धा पूर्ण झाले नव्हते. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच बँकेने कर्जसंस्थांना बजावले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे कर्जदाराला निवडू द्यावे, आणि मुदत वाढवताना मुद्दल फुगण्याची वेळ येऊ देऊ नये. असा नियम नसेल तेथे हा पर्याय स्वतःहून मागावा लागतो. आम्ही लेखी अर्ज देऊन हप्ता वाढवून घेतला. अर्ज एका शाखेतून दुसरीकडे फिरत राहिला आणि बदल लागू व्हायला अपेक्षेपेक्षा बराच वेळ गेला; सेवेचे गुण द्यायचे झाले तर येथे कमी देईन.

दर उतरतो तेव्हाची गोष्ट निराळी आहे. वाढ जितक्या तत्परतेने खात्यात उमटली, तितक्या तत्परतेने घट उमटली नाही. दर ज्या मापाशी जोडलेला असतो ते माप रेपो दरासारखे संस्थेबाहेरचे असेल आणि फेरआढावा किती महिन्यांनी होणार हे करारात लिहिलेले असेल, तर ही तफावत कमी राहते. माप संस्थेचे स्वतःचे असेल तर घट केव्हा द्यायची हे तीच ठरवते. कर्ज निवडताना अर्धा-पाव टक्का कमी दराच्या जाहिरातीपेक्षा हे एक कलम मी आधी वाचेन.

मुदतीपूर्वी थोडी थोडी फेड करण्याची सोय या कर्जाची सर्वांत चांगली बाजू ठरली. पहिल्या हप्त्यातील ८३६ पैकी ६६७ व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम १७० ने उतरते. अर्धे मुद्दल फिटायला तेरा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि वीस वर्षांत भरलेले व्याज मुद्दलाइतकेच होते, किंबहुना किंचित जास्तच. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत दिलेल्या जादा रकमेला फार मोल असते. ठरलेल्या हप्त्यापेक्षा दर महिन्याला दहा टक्के अधिक भरले, तर वीस वर्षांचे कर्ज सुमारे सोळा वर्षे दोन महिन्यांत संपते. फेड करताना जादा रक्कम मुद्दलातच वळती करून मुदत घटवावी, असे स्पष्ट लिहून द्यावे लागते, नाहीतर ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहू शकते. अर्थात घरातील सगळी शिल्लक कर्जात ओतणेही योग्य नाही. नोकरीची खात्री कमी असलेल्या काळात सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च हाताशी ठेवून उरेल तेच आम्ही भरतो. त्या शिल्लक रकमेवर मिळणारे व्याज कर्जाच्या दरापेक्षा कमी आहे, हे ठाऊक असूनही.

कर्ज मिळवतानाच्या टप्प्यावर एकच सांगण्यासारखे आहे. कर्ज ठरलेल्या किमतीवर मिळत नाही. संस्थेच्या मूल्यांकनावर मिळते. भाव डळमळीत असताना मूल्यांकन करणारा हात आखडता घेतो, आणि सौद्याची किंमत व मूल्यांकन यांतील फरक आपल्या खिशातून भरावा लागतो. आमच्या बाबतीत असा फरक पडला, तो झेपण्याजोगा होता. तरीही विसार देण्यापूर्वी तत्त्वतः मंजुरी, म्हणजे किती कर्ज मिळू शकेल याचे संस्थेचे प्राथमिक उत्तर, घ्यावी आणि मूल्यांकन कमी आल्यास सौदा मोडता येईल असे कलम करारात घालून घ्यावे.

सध्या आमच्यापुढे एक नवा हिशेब आहे. मूळ मापावर संस्था जो अधिभार, म्हणजे वरचे जादा टक्के, लावते, तो जुन्या कर्जदारासाठी सहसा मंजुरीच्या वेळचाच राहतो. नव्या ग्राहकांना मात्र आता तो कमी लावला जातो. शुल्क भरून जुना कर्जदारही नव्या अधिभारावर येऊ शकतो. ८ टक्क्यांवरून ७.५ टक्क्यांवर आल्यास लाखामागे हप्ता सुमारे ३१ ने उतरतो, आणि शुल्क लाखाला २५० असेल तर ते आठ-नऊ महिन्यांत वसूल होते. आम्ही अर्ज केला आहे. हप्ता मात्र जुनाच ठेवण्यास सांगितले आहे, कारण वीस वर्षांचे नुकतेच घेतलेले कर्ज धरले, तर तसे केल्याने मुदत दीड वर्षाहून थोडी अधिक घटते.