कलप सोडून मेंदी आणि नीळ: आठ महिन्यांचा अनुभव

सहा वर्षं मी केसांना 'काळी मेंदी' लावत होते. पुडीवर हिरवी पानं, नावात मेंदी, म्हणून आपण कलप लावत नाही असंच धरून चालले होते. गेल्या भाद्रपदात गौरी यायच्या दोन दिवस आधी ती लावली. रात्री कानामागे खाज सुटली. तिसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात, आणि केसांच्या कडेने कपाळावर पाणी झरणारे फोड.

त्वचारोगतज्ज्ञांनी पुडीच मागवली. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: मेंदीची पूड, बेरियम पेरॉक्साईड, पॅरा-फेनिलीनडायअमाईन. या शेवटच्यालाच पीपीडी म्हणतात आणि काळा रंग त्याचाच. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य पांढऱ्या केसांना केशरी-तांबूस करतो, काळं नाही. पुढे पाठीवर पॅच टेस्ट झाली, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेला चिकटवून पाहिले, आणि पीपीडीच्या जागी लाल चट्टा उठला. इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच कसं, असं मी विचारलं. ही अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक उद्भवते आणि एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, असं डॉक्टरांनी सांगितलं. बेन्झोकेन असलेलं बधिर करणारं मलमही आता मला जपून, कारण ते पीपीडीच्या जवळचं रसायन आहे.

तेव्हापासून नुसती मेंदी आणि नीळ (कपड्यांची नव्हे, नीळीच्या झाडाच्या पानांची पूड), वेगवेगळी. दोन्ही आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस थांबले. पुडीवर 48 तास आधी चाचणी घ्या असं छापलेलं असायचं, ती मी सहा वर्षांत एकदाही घेतली नव्हती.

रात्री भिजवलेली मेंदी सकाळी तीन तास ठेवते, धुते. मग नीळ कोमट पाण्यात चिमूटभर मिठासह कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायला घेते, कारण ती फार वेळ ठेवली की रंग धरत नाही. वर दीड तास. पहिल्या दिवशी केसांवर हिरवट झाक असते, दोन दिवसांत ती गडद होते. पहिल्या वेळी मी घाबरून दुसऱ्याच दिवशी पुन्हा लावायला निघाले होते.

खरं सांगायचं तर अख्खी सकाळ जाते. उशीच्या अभ्र्याला डाग पडतात, ओल्या गवतासारखा वास दोन धुण्यांपर्यंत राहतो. कानशिलाजवळचे केस आजही तांबूसच दिसतात. पूर्वीचा काळाभोर रंग मिळत नाही. पण आठ महिन्यांत टाळूला एकदाही खाज आलेली नाही, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

मध्ये दोनदा सोपी वाट शोधली. एका डब्यावर 'अमोनियामुक्त' होतं, आत पीपीडी होतंच. अमोनिया नसण्याचा त्याच्याशी संबंध नाही. दुसऱ्यावर 'पीपीडीमुक्त', तर घटकांत टोल्युईन-2,5-डायअमाईन. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी तेही नको म्हटलं, कारण पीपीडी न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना ते सोसत नाही. आता पुडीची पुढची बाजू मी वाचतच नाही. एकाच पुडीत मेंदी आणि अर्ध्या तासात कुळकुळीत काळे केस असा दावा दिसला की ती परत ठेवते.

वैशाखात भाचीचं लग्न आहे. हातावर लवकर आणि काळी रंगते म्हणून मेंदीवालीने काळे कोन सुचवले होते. त्यात काय घालतात विचारलं, तर तिलाही ठाऊक नव्हतं, ती ते तयार आणते. कोन मी घरी भरणार आहे: चाळलेली मेंदी, साखर, निलगिरीचं तेल.