आयटीआय सुटल्यावर: अ‍ॅप्रेंटिस की कंत्राटदाराकडे?

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एकाच मशीनवर, एकाच शिफ्टला दोन मुलगे दिसतात. एक अ‍ॅप्रेंटिस, म्हणजे कंपनीतला शिकाऊ उमेदवार; दुसरा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन झालेल्यांपुढे बहुधा हेच दोन पर्याय असतात.

पैशांत कंत्राटदार पुढे, यात वाद नाही. २०१९च्या अ‍ॅप्रेंटिसशिप नियमांत आयटीआय पास अ‍ॅप्रेंटिसचा किमान स्टायपेंड (विद्यावेतन) महिन्याला ७००० रुपये ठरला होता. काही कंपन्या जास्त देतात. कंत्राटी पगारातून १२ टक्के पीएफ आणि पाऊण टक्का ईएसआय (कामगार विमा) कापला जातो, तरी ओव्हरटाइम धरून हातात जास्तच उरतात. काणकोणहून येऊन खोली घ्यायची, घरून आधार नाही, अशाने कंत्राटी काम धरलं तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत.

खरी गोची अनुभवाच्या दाखल्यात आहे. तो कंपनी देत नाही, कंत्राटदार देतो. कंत्राट बदललं की मशीन तेच, मुलगा तोच, पण रुजू झाल्याची तारीख नवी. सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) चालवणाऱ्याच्या दाखल्यावर ‘हेल्पर’ लिहिलेलं असतं. तीन वर्षं राबून कागदावर अकरा महिनेच दिसतात आणि पुढच्या मुलाखतीत तेच मोजले जातात. त्यात जुना कंत्राटदार पीएफवर काम सोडल्याची तारीख भरत नाही आणि पैसे अडकतात. (शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती तारीख आपणच ऑनलाइन टाकू शकतो; फार थोड्यांना ठाऊक असतं.)

अ‍ॅप्रेंटिसला वर्षभराने परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, त्यावर ट्रेडचं नाव स्पष्ट असतं. कायम करण्याचं बंधन कंपनीवर नाही, हे खरं. तरीही पहिलं वर्ष कसंबसं निभावता येत असेल, तर माझं मत अ‍ॅप्रेंटिसच्या बाजूने पडेल.

मात्र सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवरच्या नोंदणीत घोळ होतात. आधारवर आपल्या नावात वडिलांचं नाव नाही आणि आयटीआयच्या मार्कशीटवर आहे, एवढ्यानेही पडताळणी अडते. आधार आधी दुरुस्त करून घ्यावं. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर स्टायपेंडमधला सरकारी वाटा, म्हणजे २५ टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपये, खात्यात येत नाही. आणि करार पोर्टलवर चढल्याशिवाय कामाला उभं राहू नये. “नंतर करू” म्हणणाऱ्या एचआरकडे कराराचा नंबर मागावा. तो नसेल तर ते महिने प्रशिक्षणात धरले जात नाहीत.